‘का’ बद्दल सगळे विचारतात ते प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी दादरला मी मोठ्या माणसांना बोलायचं मराठी शिकवते. कोणी माटुंग्याचे तमिळ, कोणी घाटकोपरचे गुजराती, कोणी बनारसकडून आलेले, आणि मध्यंतरी नवऱ्याच्या नोकरीमुळे पवईत राहायला आलेल्या एक जपानी बाईही होत्या. दुसऱ्या तिसऱ्या क्लासलाच सगळे एकाच ठिकाणी अडकतात, ते म्हणजे ‘का’. आणि मग प्रत्येक जण सांगतो की आमच्यात पण का आहे हो, पण त्याचा अर्थ वेगळाच आहे. तिथून जे प्रश्न सुरू झाले ते थांबलेच नाहीत, म्हणून सगळे इथे एकत्र लिहून ठेवलेत.

आधी हे सांगा, मराठीत ‘का’ म्हणजे नक्की काय?

एक नाही, चार-पाच गोष्टी आहेत. क्रियापदाच्या आधी आला तर कारण विचारतो : तू का आलास? तोच वाक्याच्या शेवटी गेला की हो-नाही विचारतो : तू आलास का? शब्द तेच तीन, फक्त जागा बदलली, आणि पहिलं वाक्य ऐकून माणूस दुखावतो तर दुसरं ऐकून आत येऊन बसतो. मी क्लासमध्ये सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घालवते कारण इथे चूक झाली तर ती व्याकरणाची राहत नाही, समोरच्याला लागते.

तिसरा का म्हणजे किंवा. चहा का कॉफी? स्लो का फास्ट? लिहिताना आपण तिथे ‘की’ लिहितो, बोलताना सर्रास का म्हणतो. काही जण याला अशुद्ध म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, ज्ञानेश्वरीत किंवा या अर्थाचा ‘कां’ जागोजागी आहे, म्हणजे इसवी सन १२९० पासून तरी तो नक्की चालू आहे.

चौथा का मला सगळ्यात आवडतो, विनंतीचा. जरा सरकता का, पंखा लावता का, हे धरतेस का. मराठीत प्लीजला रोजच्या बोलण्यातला शब्द नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते, कृपया हा पाटीवरचा शब्द आहे, घरात कोणी म्हणत नाही. पण शब्द नाही असं नाहीये हो, तो का आहे ना. ‘सरका’ हा हुकूम झाला आणि ‘सरकता का’ ही विनंती झाली, एवढासाच फरक.

शिवाय ‘हो का!’ आणि ‘असं का!’ मध्ये तो प्रश्न विचारतच नाही, ऐकतोय मी, असं सांगतो. ‘नाही का?’ मध्ये समोरच्याची मान हलवून घेतो. ‘का कोण जाणे’ मध्ये उत्तर नाही हे आधीच मान्य करतो. आणि ‘का कू करू नकोस’ मध्ये तर चक्क टाळाटाळ होते.

चॅटवर ‘का’ मुळे गैरसमज होतात ते कसे टाळायचे?

स्वल्पविराम टाका, दुसरा उपाय नाही. ‘येत नाही का’ म्हणजे येत नाहीयेस की काय, आणि ‘येत नाही, का?’ म्हणजे मी येत नाहीये, तुला काय करायचंय. माझ्याच मोठ्या नणंदेने एकदा विचारलं होतं की रविवारी जेवायला येणार ना, आणि मी गडबडीत, ट्रेन पकडता पकडता, टाइप केलं ‘नाही का’. मला म्हणायचं होतं की हो, ठरलंय ना आपलं. त्यांनी वाचलं ‘नाही, का?’ दोन दिवस बोलल्या नाहीत. तोंडाने बोलताना सूर सांभाळून घेतो, लिहिताना सूर जातो आणि का एकटा उरतो.

जुन्या पत्रांमध्ये ‘कां’ असं टिंब का दिसतं?

कारण पूर्वी तो उच्चार नाकातून व्हायचा. पुढे उच्चार गेला आणि टिंब तसंच लिहीत राहिलो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अशी न उच्चारलेली टिंबं काढून टाकली. कोकणात काही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तो नाकातला का अजून ऐकू येतो, आणि ऐकला की मला फार बरं वाटतं.

जपानी भाषेतपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावून प्रश्न विचारतात म्हणे, खरं का?

शंभर टक्के खरं. खाता का? हे जपानीत ‘ताबेमासु का’. ताबेमासु म्हणजे खाता, आणि का म्हणजे का. तीच जागा आणि तेच काम. जपानीत अशा वाक्यापुढे प्रश्नचिन्ह घालायची गरजही पडत नाही, साधा पूर्णविराम देतात, कारण प्रश्न आहे हे का ने सांगून झालेलं असतं.

पण एवढ्यावर संपत नाही. त्या जपानी बाई पहिल्यांदा क्लासला आल्या तेव्हा मी फळ्यावर ‘चहा का कॉफी?’ लिहिलं आणि त्या एकदम उठून उभ्याच राहिल्या, कारण त्यांच्याकडे ते ‘ओचा का कोही’. म्हणजे किंवाचा का सुद्धा तोच. मग मी त्यांना ‘असं का!’ समजावून सांगायला लागले की हा प्रश्न नाहीये, सूर खाली न्यायचा, नुसतं ऐकल्याची पोच द्यायची, तर त्या म्हणाल्या ‘सो देस का’. जपानीत ते अगदी तसंच म्हणतात, सूर खाली नेऊन, समोरच्याचं ऐकलं हे सांगायला. क्लासमध्ये दोन मिनिटं कोणी काही बोलेना. मला तर रात्री झोप लागली नाही.

म्हणजे मराठी आणि जपानीचं काहीतरी नातं आहे का?

नाही. आणि हे सांगताना मलाही वाईट वाटतं, पण नाही.

नातं बघायचं असेल तर एकट्या शब्दाकडे बघून चालत नाही, त्याचं अख्खं घर बघावं लागतं. मराठीतल्या का ची भावंडं बघा : कोण, काय, कुठे, कधी, किती, कसा, कोणता. सगळी क वरून. जपानीत कोण म्हणजे दारे, काय म्हणजे नानी, कुठे म्हणजे दोको, कधी म्हणजे इत्सु. एकात तरी क सुरुवातीला आहे का? त्यांचा का वेगळ्या घरातून आलाय, आपला वेगळ्या, आणि दोघे योगायोगाने एकाच कामाला लागले.

आता लिथुआनियाला चला, युरोपात वर बाल्टिक समुद्राकाठी. तिथे कोण आणि काय दोन्हीला ‘कास’, कधी म्हणजे ‘कादा’, कुठे म्हणजे ‘कुर’, दोघांतला कुठला म्हणजे ‘कात्रास’. आणि संस्कृतात बघा : कः, कदा, कुत्र, कतर. अंगावर काटा येतो की नाही? हे खरं नातं. अख्खं घर जुळतंय, आणि जुळायचंच, कारण मराठी आणि लिथुआनियन दोन्ही त्या मोठ्या इंडो-युरोपियन कुटुंबातल्या आहेत. इंग्लिशमधले व्हॉट, व्हेन, व्हेअर हे पण त्याच घरचे आहेत, फक्त त्यांच्या वाटेवर क चा ह झाला आणि मग तोही झिजत गेला. फारसीत कुठे म्हणजे ‘कोजा’. म्हणजे ग्रँट रोडला इराण्याकडे ब्रून मस्का खाताना गल्ल्यावरचे म्हातारे शेठ घरच्या माणसाला कोजा म्हणाले तर तो आपल्या कुठेचा चुलतभाऊ समजायचा.

मग जपानीत आणि मराठीत एकच का प्रश्नाला पण आणि किंवाला पण, हा सुद्धा योगायोगच?

हा आवडता प्रश्न आहे माझा. क आणि आ हा आवाज जुळला तो योगायोग, पण प्रश्न आणि किंवा एकत्र राहतात तो योगायोग नाही. विचार करा, ‘आलास का?’ म्हणजे तरी काय, आलास किंवा नाही आलास, दोन्ही समोर ठेवले आणि निवड म्हणून सांगितलं. ‘चहा का कॉफी’ मध्ये पण दोन गोष्टी समोर ठेवल्या आणि निवड म्हणून सांगितलं. काम एकच आहे. म्हणून कितीतरी भाषांमध्ये दोन्हीला एकच शब्द असतो. मल्याळममध्ये बघा, तिथे का नाहीये, ‘ओ’ आहे. ‘वन्नो?’ म्हणजे आला का? आणि ‘चायायो काप्पियो’ म्हणजे चहा का कॉफी. आवाज बदलला तरी जोडी तुटली नाही. आमच्या क्लासला एक केरळी नर्स ताई यायच्या, त्यांना हा का एका मिनिटात कळला, कारण त्या डोक्यात ओ च्या जागी का ठेवून मोकळ्या झाल्या.

हिंदीतला ‘राम का घर’ मधला का आणि आपला का एकच ना?

नाही, आणि इथे भले भले फसतात. हिंदीतला का म्हणजे आपला चा. त्याचा उगम अभ्यासक संस्कृतमधल्या ‘कृत’ म्हणजे केलेला या शब्दात धरतात, तो झिजत झिजत का, की, के झाला. प्रश्नाच्या क शी त्याचा संबंध नाही. म्हणजे रोज ज्याच्याशी बोलतो त्या हिंदीतला का आपल्या का चा कोणी लागत नाही, आणि बाल्टिक समुद्राकाठचा कास मात्र घरातला.

पण भोजपुरीतला का आपलाच बरं का. तिकडे का म्हणजे काय. ‘का हाल बा’ म्हणजे काय हालहवाल. लहानपणी आम्ही लालबागला राहायचो तेव्हा नाक्यावर काळीपिवळी टॅक्सीवाले एकमेकांना ‘का हो’ अशी हाक मारायचे आणि मला वाटायचं हे एकमेकांना सारखं ‘का? का?’ काय विचारतायत, कारण सांगतच नाही कोणी. खूप नंतर कळलं की ते ‘काय हो’ म्हणत होते. आमचे आजोबा पण गावचा माणूस भेटला की ‘का हो, कधी आलात?’ म्हणायचे, सूर सुद्धा तसाच असायचा.

आणि गुजरातीत, खास करून काठियावाडी बोलण्यात, ‘कां?’ म्हणजे का, आणि ‘कां तो’ म्हणजे एक तर. म्हणजे कारण पण आणि किंवा पण, पुन्हा तीच जोडी.

थायलंडला गेलो होतो, तिथे सगळ्या बायका वाक्याच्या शेवटी ‘का’ म्हणतात, त्या प्रश्न विचारत असतात का?

आधी कान नीट देऊन ऐका, त्या खा म्हणतात. थाई भाषेत क आणि ख वेगळे आहेत, आपल्यासारखेच. इंग्लिश लिपीत टुरिस्टांसाठी लिहिताना ह गाळतात म्हणून सवादी का, म्हणजे त्यांचा नमस्कार, असं दिसतं, असतं सवादी खा. तो आदर दाखवायचा शब्द आहे, बायकांचा, आपल्या ‘हो’ किंवा ‘जी’ सारखा, पुरुष तिथे ‘ख्रप’ म्हणतात. गंमत म्हणजे साध्या वाक्यात हा खा वरून खाली येतो आणि प्रश्नात वरच राहतो. थाईमध्ये खरा का पण आहे, त्याचा अर्थ कावळा. आणि किटली.

कावळा?! मग आपला कावळा पण काव काव करतो त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे आणि नाही. संस्कृतात काक, तमिळमध्ये काक्का, थाईमध्ये का. या भाषा वेगवेगळ्या घराण्यांच्या, पण कावळा सगळीकडे तोच आणि ओरडतोही तसाच. त्यामुळे हे नात्याने आलेलं नाही, कानाने आलेलं आहे. प्रत्येकाने कावळ्याचंच ऐकून त्याचं नाव ठेवलं. म्हणून मी क्लासमध्ये सांगते की आवाज जुळण्याची कारणं तरी कमीत कमी चार आहेत : नातं, उसनवारी, नक्कल आणि योगायोग. लिथुआनियन नातं, कावळा नक्कल, जपानी योगायोग. उसनवारी बघायची तर कॉफी बघा, जपानी कोही, तमिळ काप्पी, व्हिएतनामी का फे, तो का सगळ्यांनी घेतलेला आहे, कोणाच्या घरचा नाही.

इजिप्तमध्ये ‘का’ म्हणजे आत्मा होता हे खरं आहे का?

आत्मा म्हटलं तर पूर्ण बरोबर होत नाही. प्राचीन इजिप्तच्या लोकांच्या मते माणूस बऱ्याच गोष्टींचा मिळून बनलेला असायचा, त्यातला का म्हणजे जगवणारी ताकद. जन्माच्या वेळी शरीराबरोबरच का पण घडतो अशी समजूत होती. देर अल-बाहरीला राणी हातशेपसुतच्या मंदिरात कोरलंय की ख्नूम नावाचा देव कुंभाराच्या चाकावर बाळ पण घडवतोय आणि बाळाचा का पण. लिहिताना का साठी दोन वर केलेले हात काढायचे, कोपरात वाकवलेले. दाशूरला होर नावाच्या राजाचा लाकडी पुतळा सापडला, त्याच्या डोक्यावर हेच दोन हात आहेत, तो आता कैरोच्या म्युझियममध्ये आहे.

माणूस मेला की त्याच्या का ला भूक लागते असं ते मानायचे. म्हणून कबरीजवळ पाव, बिअर, मांस ठेवायचं, ‘अमक्याच्या का साठी’ असं म्हणून.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सर्वपित्री अमावस्या जवळ आली होती. वाळकेश्वरला बाणगंगेवर त्या दिवशी केवढी गर्दी असते, पान वाढून ठेवलेलं असतं आणि सगळ्यांची नजर वर, कावळा कधी येतोय. आमच्या आईच्या वेळी कावळा शिवेना, तेव्हा मावशीने हात जोडून सांगितलं की ताई, मुलींची काळजी करू नकोस, आम्ही आहोत, आणि मग तो आला. म्हणजे तिकडे गेलेल्या माणसाच्या का ला जेवण, इकडे गेलेल्या माणसासाठी का का करणाऱ्याला जेवण. या दोघांचं नातं नाही, मी आत्ताच सांगितलेल्या कसोटीवर ते टिकत नाही. त्यातून इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीतच नव्हते, त्यामुळे आपण का म्हणतो तो अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेला उच्चार आहे, ते स्वतः काय म्हणत असतील देव जाणे. तरी दरवर्षी त्या दिवशी मला ते वर केलेले दोन हात आठवतात.

वेदात ‘क’ नावाचा देव आहे असं ऐकलंय, तो कोण?

तो कोण, हेच त्याचं नाव. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १२१ वं सूक्त आहे, त्यात पहिल्या नऊ ऋचांच्या शेवटी एकच प्रश्न येतो, ‘कस्मै देवाय हविषा विधेम’, कुठल्या देवाला आम्ही हवी अर्पण करावी? दहाव्या ऋचेत प्रजापतीचं नाव येतं. नंतरच्या लोकांनी त्या प्रश्नालाच नाव मानलं आणि प्रजापतीला क म्हणायला लागले. यजुर्वेदात तर ‘काय स्वाहा, कस्मै स्वाहा’ असं दोन्ही येतं, क ला देवाचं नाव धरून चालवलं की चतुर्थीत काय होतं, आणि सर्वनाम धरून चालवलं की कस्मै. मला यातलं पांडित्य फारसं कळत नाही पण देवाला ‘कोण?’ म्हणून हाक मारणं हे मला फार मोठं वाटतं.

त्याच संस्कृतात का पुढे लागला की अर्थ वाईटही होतो, कापुरुष म्हणजे भ्याड माणूस. तो का म्हणजे कु चा भाऊ.

काका म्हणजे दोन का झाले, त्याचा काय अर्थ?

मराठीत बाबांचा भाऊ, आणि मुंबईत दुकानदारापासून वॉचमनपर्यंत कोणीही. अफगाणिस्तानातल्या दरी भाषेत पण काका म्हणजे बाबांचा भाऊच. पंजाबीत उलट, काका म्हणजे छोटा मुलगा, त्यामुळे सायन कोळीवाड्यात एखाद्या पंजाबी घरात आजी ‘काका, इधर आ’ म्हणाल्या तर चार वर्षांचं पोर धावत येतं. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत काका हा एक पोपट, आणि पो म्हणजे रात्र, म्हणून काकापो हा रात्री फिरणारा पोपट. स्वीडिशमध्ये काका म्हणजे केक. आणि स्पॅनिश, तुर्की अशा बऱ्याच भाषांमध्ये काका म्हणजे लहान मुलांची शी, त्यामुळे तिकडच्या पाहुण्यांसमोर आपल्या काकांची ओळख करून देताना आधी नाव सांगा.

लहान मुलं एकच अक्षर दोनदा म्हणतात, मामा, बाबा, दादा, काका, आणि मोठी माणसं त्यांना जवळचा अर्थ चिकटवतात, प्रत्येक घरात वेगळा. असे शब्द घेऊन भाषांची नाती कधी जोडू नयेत.

बाकी जगात ‘का’ कुठे कुठे आहे?

पुष्कळ ठिकाणी आहे, पटापट सांगते. झुलू भाषेत का म्हणजे चा, शाका राजाला शाका का-सेन्झांगाखोना म्हणतात म्हणजे सेन्झांगाखोनाचा शाका, हिंदीसारखंच वाटतं पण संबंध काही नाही. एस्टोनियनमध्ये का म्हणजे पण, ‘मिना का’ म्हणजे मी पण. अल्बेनियनमध्ये का म्हणजे त्याच्याकडे आहे, आणि बैलही. अरबीत शब्दाच्या शेवटी का लागला की तुझा, किताबुका म्हणजे तुझं पुस्तक, आणि तोच सुरुवातीला लागला की सारखा.

फिलिपिन्सच्या टागालोगमध्ये का म्हणजे तू. माझा धाकटा दीर बोटीवर आहे, त्याच्या बोटीवर निम्मे लोक फिलिपिनो, ते भेटले की ‘कुमुस्ता का?’ म्हणजे कसा आहेस तू. याने वर्षभर समजून घेतलं की तो शेवटचा का आपलाच प्रश्नाचा का आहे. आणि गंमत अशी की त्याचं काहीच अडलं नाही.

मेघालयात खासी भाषेत का लावला की शब्द स्त्रीलिंगी, का स्न्गी म्हणजे सूर्य, तिथे सूर्य बाई आहे आणि चंद्र पुरुष. आणि पार पॅसिफिकमध्ये हवाईत का म्हणजे इंग्लिशमधला द, का ला म्हणजे सूर्य. दोन्हीकडे सूर्याच्या आधी का, आणि दोन्ही भाषा वेगळ्या घराण्यांच्या.

पण यातलं सगळ्यात भारी उदाहरण अटलांटिकच्या बेटांवरचं आहे. वसाहतींच्या काळात तिथे मिसळून बनलेल्या भाषा आहेत त्यांना क्रिओल म्हणतात. मार्टिनिकमध्ये ‘म्वेन का मांजे’ म्हणजे मी जेवतोय. हैतीत अगदी हेच शब्द म्हणजे मी जेवू शकतो. आणि केप वर्दीत पोर्तुगीजवरून आलेली क्रिओल आहे, तिथे ‘न का कुमे’ म्हणजे मी जेवलो नाही. जेवतोय, जेवू शकतो, जेवलो नाही, तिघांच्या मध्ये बसलाय का. हैतीतला का हा कापाब म्हणजे समर्थ या शब्दाचा तुकडा आहे, केप वर्दीतला पोर्तुगीज नुंका म्हणजे कधीच नाही याचा शेवट मानतात. शब्द झिजत झिजत एका अक्षरावर आले आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊन सगळे एकाच का वर थांबले.

पण सगळे येऊन ‘का’ वरच का थांबतात?

कारण सोपं आहे. क हा आवाज जगातल्या बहुतेक भाषांमध्ये आहे, आ तर जवळजवळ सगळ्याच भाषांमध्ये, आणि व्यंजन-स्वर अशी जोडी सगळ्यात सहज तोंडात बसते. आणि भाषेला लागणारे शब्द हजारो, छोटी अक्षरं मोजकी. हवाईच्या भाषेत फक्त ८ व्यंजनं आणि ५ स्वर आहेत, मग एकेका अक्षराला किती कामं करावी लागत असतील बघा. त्यातून जे शब्द सारखे लागतात, चा, का, तू, नाही, पण, तेच जास्त झिजतात आणि आखूड होतात. म्हणून जगभरात एकाक्षरी शब्द बहुतेक असेच, वाक्य जोडणारे. लांब शब्द सहसा असे जुळत नाहीत. दोन भाषांमध्ये ‘किंकर्तव्यमूढ’ जुळला तर मी लगेच विचारीन की कोणी कोणाकडून घेतला.

काही भाषा सुरावर अर्थ बदलतात. व्हिएतनामीत का सपाट म्हटला तर गाणं, वर नेला तर मासा, खाली सोडला तर वांगं. आपल्याकडे सुराने वस्तू बदलत नाही, पण भाव बदलतोच की. का. काऽ. का?! हे तिन्ही मोठ्याने म्हणून बघा.

आणि क पासूनच व्यंजनं सुरू होतात ते घशापासून ओठांकडे असा क्रम लावला म्हणून. ती मांडणी इथून तिबेट, ब्रह्मदेश, थायलंडपर्यंत गेली, आणि बौद्ध भिक्षूंच्या संस्कृतच्या अभ्यासातून जपानपर्यंत. जपानी अक्षरमालेत आ च्या ओळीनंतर का ची ओळ येते ती आपल्यामुळे. म्हणजे जपानी का शब्दाचं आपल्याशी नातं नाही, पण तो ज्या खणात ठेवलाय तो खण इथल्या मांडणीचा आहे. हे त्या जपानी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत दोनदा लिहून घेतलं.

तमिळ मुलं भांडण झालं की ‘का’ म्हणतात ते काय?

ते आपलं कट्टी. तमिळमध्ये काय म्हणजे कच्चं फळ आणि पळम म्हणजे पिकलेलं. भांडण झालं की का, मिटलं की पळम. माटुंग्याच्या एका आजींनी मला हे क्लासमध्ये सांगितलं, बोटं करून दाखवली सुद्धा. कट्टी-बट्टीपेक्षा मला हे आवडलं, कच्ची झालेली दोस्ती पिकायला ठेवायची.

मला फक्त एकच वाक्य शिकायचंय, कुठलं शिकू?

जरा सरकता का? जपानी बाईंना मी पहिलं तेच शिकवलं. डिसेंबरात त्यांनी ठाणे लोकलला, लेडीज डब्यात, तीन बायका बसल्या होत्या तिथे उभं राहून ते म्हटलं. तिघी सरकल्या. चौथ्या सीटवर बसल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘कुठे उतरणार?’, आणि यांनी उत्तर दिलं, ‘कांजूरमार्ग. तुम्ही का?’ चुकलंच ते, ‘आणि तुम्ही?’ म्हणायला हवं होतं, पण त्या बाई म्हणाल्या, ‘मी मुलुंड’, आणि पिशवीतून एक चिक्की काढून दिली.